गाठीतल्या खुणा आणि बघायला येणारी माणसं

सुरतेला ह्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, स्वादुपिंडाची गाठ काढता आली हेच मोठं, पुष्कळांची तर काढण्यासारखी राहतच नाही. मग म्हणाले, तिचा तुकडा तपासायला पाठवू. गाठीच्या जनुकांमध्ये काही खुणा असतात, त्यांवरून माणूस पुढे किती तग धरेल याचा अंदाज बांधता येतो.

आमचे हे खाटेवरूनच बोलले, "तुमच्या कामाचं असेल तर करा. पण निघेल ते मला सांगू नका."

झालं. अहवाल मी आणि थोरल्या मुलाने ऐकला. खुणा वाईट निघाल्या. अशांमध्ये गाठ लवकर परत उठते म्हणे. डॉक्टर पुढे म्हणाले, "आजी, हा पुष्कळ माणसांवरून काढलेला अंदाज आहे. तुमच्या एका माणसाचं काय होईल, ते यात नसतं." मी मान हलवली. पण पहिलं वाक्य डोक्यात रुतून बसलं आणि दुसऱ्याला जागाच उरली नाही.

घरी आलो. पोरगं बिचारं आतून फुटायला आलेलं, त्याने मामाला सांगितलं. मामा म्हणजे माझाच भाऊ, त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.

मग काय विचारता! आपल्याकडे आजारी माणसाला बघायला जावंच लागतं, नाही तर जन्माचा रुसवा. पण ही माणसं शेवटचं बघायला आल्यासारखी येत होती. बिस्किटांचे पुडे आणत, ह्यांच्या उशाशी उसासे टाकत, आणि स्वयंपाकघरात येऊन मला हळूच विचारत, "डॉक्टर काय बोलला हो?" मी चहा ठेवायचे, गाळायचे, परत ठेवायचे. पाय असे भरून यायचे की ओट्याला टेकूनच उभी राहायचे. रडायलाही सवड नव्हती, खरं सांगते.

एके दिवशी गुजरातेतून नणंद आली. आल्या आल्या गळा काढला, "भाऊ, कितला सुकाई गया रे तू!"

हे म्हणाले, "तू बी कोठे तरणी ऱ्हायनी? जेवी ले पहिले."

ती हसली, जेवली, संध्याकाळच्या गाडीने गेली. तिची पाठ वळताच ह्यांनी मला जवळ बसवलं. "मन्ही बहीण आखाजीना सणले बी माहेरी येत नही. आज कशी उनी?"

मी उठून ताटं उचलायला लागले.

"आते तरी सांग. सगळ्या गावले ठाऊक शे, माले एकट्यालेच नही."

मग सांगितलं. पहिलं वाक्य सांगितलं आणि डॉक्टरांचं दुसरंही. दुसरं माझ्या स्वतःच्या तोंडून निघालं तेव्हा कुठे मला ते नीट ऐकू आलं. ह्यांनी बराच वेळ माझा हात धरून ठेवला. म्हणाले, औषधाच्या बाटल्या चढवायला सुरतेला जायचं ते जाऊच. मग माझ्या सुजलेल्या पायांकडे बघून म्हणाले, "तू दमी गयी. उद्या दार लाई दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी कुणीतरी कडी वाजवली. हाकही मारली. आम्ही दोघं आत, वरणभाताचं ताट मध्ये घेऊन, चोरासारखे बसलो. ह्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हाताने माझ्यापुढे भात सरकवला. कडी वाजत राहिली. मी जेवले.