पहिल्या सालच्या गाडीचं तेल

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी चोरून खाल्लेली जिलेबीसुद्धा सांगून टाकतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमतंय असं समजा.

सिल्वासातल्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात मी गाड्यांचा मेकॅनिक आहे. आमच्या शेठना एक नाद होता — परदेशी, दोन सीटची, छप्पर उघडणारी हलकी गाडी. एकाच कंपनीच्या लाल रंगाच्या दोन होत्या त्यांच्याकडे. एक अगदी पहिल्या सालची, दुसरी चार वर्षांनंतरची. लांबून बघणाऱ्याला जुळ्या बहिणी. पण नव्या सालच्या गाडीचं इंजिन मोठं, दारात लोखंडी पट्टी, अंगानं थोडी जड. पहिल्या सालची हलकी, अवखळ. फक्त तिचा दुसरा गिअर थंडीत नाजूक.

हे सगळं मला शिकवलं दामूकाकांनी. आमचे हेड मेकॅनिक, माझ्यासारखेच धुळ्याकडचे. पाना कसा धरायचा इथपासून मी त्यांच्या हाताखाली शिकलो. जुन्या गाडीवर त्यांचा जीव. रोज बजावायचे, "तेल गरम होऊ दे रे भाऊ, मंग दुसरा टाक."

शेठनी ठरवलं, आता एकच ठेवायची. कुठली? काका म्हणाले, जुनी. मी म्हणालो, नवी. खरं सांगू? मला गाडीचं काही पडलं नव्हतं. एकदा तरी शेठनी काकांचं सोडून माझं ऐकावं, एवढंच होतं. शेठ म्हणाले, दोन्ही खानवेलपर्यंत चालवून ये आणि सांग.

जानेवारीतली सकाळ. नवी फिरवून आणली, मग जुनी काढली. घाई होती का? कसलीच नव्हती. तरी इंजिन तापायच्या आत दुसरा गिअर हाणला. अडला. पुन्हा हाणला — रागानं. गाडीवरच्या की काकांवरच्या, कोण जाणे. आतून करकर आवाज आला. तो गिअर पुन्हा कधी सरळ पडला नाही.

चुकलो म्हणालो असतो तर शेठ दोन शब्द बोलले असते, बस. पण मी म्हणालो, त्या सालचा गिअरबॉक्सच मुळात कच्चा. अर्धं खरं होतं, म्हणून खपलं. तिथे थांबलो का? नाही. "शेठ, इस का ऑइल भी चेंज नहीं हुआ है," असंही म्हणालो. आणि कुणी पाहायच्या आत, गिअरबॉक्स उघडून बघतो म्हणत, त्यातलं तेल काढून सांडून टाकलं.

शेठनी काकांना दादऱ्याच्या युनिटला धाडलं, फोर्कलिफ्टच्या दुरुस्तीला. त्यांची जागा मला मिळाली.

ते भांडतील म्हणून मी उत्तरं जुळवून ठेवली होती. चोराच्या मनात चांदणं. ते भांडलेच नाहीत. जायच्या दिवशी बाजूला घेऊन म्हणाले, "दिवाळीच्या आधी बदललं व्हतं, असं वाटतं माले. तू व्हता ना रे तठे?"

"नही काका, मी गावाले गेलो व्हतो."

त्यांनी मान हलवली. "मंग मीच विसरलो असेन."

काका काही विसरत नव्हते. पण तेव्हापासून कुलूप तीनतीनदा ओढून पाहायला लागले, गॅस बंद आहे का बघायला अर्ध्या वाटेवरून मागे फिरायला लागले. काकू काळजीनं मला फोन करायच्या. मी चांगला डॉक्टर सुचवायचो.

गेल्या महिन्यात त्यांच्या नातीच्या हळदीला गेलो होतो. कुणीतरी त्यांना त्या दोन लाल गाड्यांमधला फरक विचारला. ज्या माणसाला एकेक नट तोंडपाठ, तो माझ्याकडे बोट करून म्हणाला, "याले विचार. माझं काही खरं नही आता." मी सांगितला फरक — इंजिन, दारातली पट्टी, वजन. काका कौतुकानं ऐकत होते.

तेल बदललेलं होतं. दिवाळीच्या आधीच्या शनिवारी, काकांनीच. गाडीखाली ट्रे धरून मी बसलो होतो. जुनं तेल माझ्या कोपरापर्यंत ओघळलं, तेव्हा काकांनी आपल्या फडक्यानं माझा हात पुसला होता.