मासे काढून ठेवा

सुमित्राबाई गेल्या त्याला पाच महिने झाले होते आणि या पाच महिन्यांत दादाराव ज्याला त्याला नुसतं 'बरं' म्हणत होते. शेजारणीनं भाजी आणून दिली, बरं. विहारातली माणसं येऊन बसून गेली, बरं. मुलगी रोशनी म्हणाली की गाझियाबादचा हा फ्लॅट आता बंद करू, तुम्ही माझ्याकडे गुडगावला चला. तर त्यालाही बरं. माणूस दगड नव्हे हो, पण आतला मेन स्विचच कुणी पाडून ठेवला होता. वाईट वाटतं का, असं विचारलं तर ते खरोखर विचार करायचे आणि म्हणायचे, "काही कळत नाही."

अशात एके सकाळी रोशनीचा मेसेज आला: 'बाबा, वीस तारखेच्या आत मासे काढून ठेवा. मग मी न्यायला येते.'

आता या घरात मासे काढणे म्हणजे काय, ते सांगायला हवं. हॉलमधली काचेची टाकी सुमित्राबाईंची. दर रविवारी त्या माशांचे फोटो काढून लेकीला पाठवायच्या आणि खाली लिहायच्या, 'आज मासे काढले.' दादारावांच्या कानाला तोच अर्थ बसलेला. पोरीला आईच्या माशांचे फोटो हवे असतील, असं त्यांनी धरलं. केंद्र सरकारात चौतीस वर्षं काढलेला माणूस. लेखी आदेश आला की अंमलबजावणी, उलट प्रश्न नाही!

मोबाइलनं त्यांनी आजवर आधार कार्डाचाच काय तो फोटो काढलेला. पहिल्या दिवशी फ्लॅश उडाला आणि फोटोत आला एक पांढरा गोळा, त्यामागे दादारावांचं स्वतःचं पोट. मासा औषधालाही नाही. दुसऱ्या दिवशी फ्लॅश बंद केला, तर शेपट्यांची नुसती धूसर फरफट. शेवटी माशांचं खाणं आणायला गेले तेव्हा दुकानदार नीरजला त्यांनी फोटो दाखवले. तो बिचारा हसू दाबत म्हणाला, "अंकल, कमरे की लाइट बंद करो, सिर्फ टंकी की चालू. शीशा पोंछो और फोन उसी से चिपका दो. और मछली के पीछे मत भागो, वो खुद आएगी."

मग रोज दुपारी जेवण झालं की दादाराव पडदे ओढायचे, काच आतून-बाहेरून पुसायचे आणि स्टूल घेऊन बसायचे. मासे एकूण सहा. चार सोनेरी, एक काचेला तोंड लावून चिकटून राहणारा काळा सकर आणि एक एंजल. चार सोनेरी तर खाणं दिसलं की पुढे पुढे करणारे. सकर जागचा हलत नाही, त्यामुळे त्याचा फोटो पहिल्याच आठवड्यात झाला. छळलं ते एंजलनं. बाजूनं भाकरीएवढी दिसणारी ही बाई समोरून आली की नुसती उभी रेघ! तिच्यासाठी दादाराव तास तास बसले. मजा येत होती म्हणावं, तर तसंही नाही. बसायचे, बोट दाबायचे, पुसून टाकायचे, पुन्हा बसायचे. काम पूर्ण झाल्याशिवाय वर काही पाठवायचं नाही ही ऑफिसची जुनी खोड, म्हणून रोशनीला एकही फोटो गेला नाही.

वीस तारखेला रोशनी आली. खाली टेम्पो, वर खोकी, आणि टाकीत सहाच्या सहा मासे मजेत फिरतायत.

"बाबा! मासे काढले नाहीत अजून?"

"काढले की. दोनशे चौदा. एंजलचे थोडे हललेत."

रोशनीनं मोबाइल बघितला आणि कपाळाला हात लावला. "ओहो यार बाबा! फोटो नाही, बाहेर काढा म्हटलं होतं. माझ्या ऑफिसमधला चिन्मय घेऊन जाणार आहे त्यांना. टाकी कुठे ठेवू मी माझ्याकडे?"

"हो का," दादाराव म्हणाले. "बरं."

पण हे 'बरं' नेहमीसारखं नव्हतं. ते रोशनीला ऐकू आलं असावं, कारण ती फोटो बघता बघता थांबली. शेवटच्या फोटोत एंजल आडवी, स्वच्छ, डोळ्याभोवतीची लाल कडासुद्धा दिसत होती. "हा तुम्ही काढला? आईलासुद्धा असा कधी जमला नाही." मग हळूच म्हणाली, "द्यायचे नसतील तर सांगा ना."

"काय सांगू?" दादारावांनी विचारलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. त्यांनी जाळी उचलली आणि पाण्यात घातली.

चार सोनेरी निमूटपणे पिशवीत गेले. एंजलला दोनदा चुकवल्यावर तिसऱ्यांदा जाळीत धरलं, वर घेतलं आणि ती उसळून फरशीवर पडली. फटाफट आपटायला लागली. धरायला गेले तर हातातून निसटली.

"सुमित्रा!" दादाराव ओरडले. "अगं पातेलं आण! लवकर, पाणी घालून आण! सुमित्रा!"

रोशनी धावली. पातेलं आणलं, ओंजळीनं मासा उचलून पाण्यात सोडला. एंजल आधी कलंडली, मग एकदा कल्ले हलले, मग हळूहळू सरळ झाली. रोशनीनं पातेलं सगळं टाकीत ओतलं. पिशवीचीही गाठ सोडून चारी सोनेरी परत टाकीत सोडले आणि चिन्मयला फोन लावून म्हणाली, येऊ नकोस.

दादारावांचं टाकीकडे लक्षच नव्हतं. ते फरशीवर तसेच ओल्या हातांनी बसले होते आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते.

"ती आली नाही गं," ते म्हणाले. "मी एवढ्या हाका मारल्या, आणि ती आली नाही."