पाच दाणे द्यायचे राहिले

माझं शिक्षण सातवीपर्यंत, त्यामुळे लिहिण्यात चुका असतील, सांभाळून घ्या. या ग्रुपवरचे सगळ्यांचे अनुभव मी रोज जेवणाच्या सुट्टीत वाचते. खरं सांगायचं तर निम्म्यांवर हसायचे. मला पटतच नव्हतं असलं काही... आज मीच लिहायला बसले. वाचताय, हेच लय झालं.

मी मूळची राणीसावरगावची, तालुका गंगाखेड. आता सुरतेला साड्यांना खडे लावायच्या कारखान्यात आहे, नऊ वर्षं झाली. गोष्ट माझ्या चुलत बहिणीची आहे. तिला इथं महानंदा म्हणते. ती माझ्यापेक्षा वर्षानं लहान, एकाच घरात वाढलो. ती मला अक्का म्हणते.

मी दहा वर्षांची असताना आमच्या गावात पिक्चरचं शूटिंग आलं. त्यांना शेळ्या राखणारी पोरगी पाहिजे होती. शाळेतून आम्हा दोघींना उभं केलं. गाणं मला येत होतं. शिवभजनाला सगळ्या बाया मलाच पुढं बसवायच्या. पण पिक्चरच्या साहेबानं महानंदाच्या हनुवटीला हात लावून म्हटलं, "डोळे बघा हिचे." झालं. मला म्हणाले, तू शेळ्या धर.

अडचण अशी की त्या पोरीनं शेळ्यांमागं जाताना दोन ओळी म्हणायच्या होत्या. महानंदाचा आवाज म्हणजे फुटका पत्रा. सकाळपासून सगळे वैतागले. उद्या नांदेडहून दुसरी पोरगी आणू, असं बोलायला लागले. ती कडब्याच्या गंजीमागं येऊन रडायला लागली.

"अक्के, मला न्हाई येत गं. हाकलतेत मला."

"रडू नको. माझा गळा घे."

"कसा?"

भातुकलीत बाहुलीची ओटी भरायचो तशी मी तिच्या फ्रॉकच्या ओच्यात मूठभर ज्वारी टाकली. म्हटलं, "दिला."

"मागशील परत?"

"न्हाई मागत."

आमच्याकडं ओटी भरली की जिची भरली तिनं त्यातले पाच दाणे भरणारीला परत द्यायचे असतात, देणारीचं घर रितं होऊ नये म्हणून. तेवढ्यात "चला चला, ऊन चाललंय!" म्हणून हाक आली आणि ती ओचा झटकून पळाली. दाणे द्यायचे राहिले.

आणि ती गायली. शेळ्या धरलेल्या माझ्या हातांवर काटा आला... तो माझा आवाज होता. चुलती म्हणाली, "पोरीत सरस्वती आली!" मी बोलायला गेले तर घशातून नुसती हवा. वाटलं, सर्दी झाली असेल. संध्याकाळी बोलता यायला लागलं, गाता मात्र आलं नाही.

पुढं तिनं आणखी दोन पिक्चर केले, एक सिरीयल केली. गावात येताना गाडीतून यायची. मी शाळा सोडून कापूस वेचायला जायला लागले तेव्हा तिचा फोटो पालमच्या दुकानात लागलेला. मग उंची वाढली, चेहरा बदलला, कामं बंद झाली. खोटं का बोलू, त्या वर्षी मी खूश होते. पण ती गायला लागली. व्हिडिओ मोबाईलवर फिरले. आज लोक तिला गायिका म्हणूनच ओळखतात.

सुरतेत माझा आवाज अधूनमधून जायचा. तास, दोन तास. डॉक्टर म्हणाले, घसा चांगला आहे. एकदा सहज पाहिलं, तर त्याच वेळेला तिचा लाईव्ह कार्यक्रम चालू होता. मग कॅलेंडरवर खुणा करायला लागले. सोळा खुणा. सगळ्या जुळल्या.

एक सांगायला पाहिजे. माझ्या आईचं परभणीला ऑपरेशन झालं तेव्हा मला जाता आलं नाही. महानंदा आठ दिवस आईच्या उशाशी बसली, वेणीसुद्धा तिनंच घातली. तिचे उपकार फिटणार नाहीत. तरीपण आई फोनवर "नंदीनं हे केलं, नंदीनं ते केलं" म्हणाली की माझ्या पोटात जळायचं.

गेल्या दिवाळीत गावी गेले तेव्हा मानवतला मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मैदानात तिचा सत्कार आणि कार्यक्रम होता, भर दुपारी. मी बायांत बसले. ती गायला लागली आणि माझा घसा बंद. शेजारच्या बाईनं विचारलं, "तुमी कुठल्या वो?" मी नुसतं तोंड हलवलं. ती पलीकडचीला म्हणाली, "मुकी हाय वाटतं बिचारी."

ते लय लागलं.

मधे सत्कार होता. महानंदा माईकवरून म्हणाली, "माझी अक्का सुरतेहून आलीय, ओटी तीच भरंल." मी वर गेले. नारळ, खण, गहू. तिनं पदरातले पाच दाणे उचलून माझ्या हातावर ठेवले. हळूच म्हणाली, "त्या वेळंला राहिले व्हते बघ." आणि हसली. तिला सगळं आठवत होतं. मी मूठ मिटली. नको म्हणता आलं असतं. पण मी म्हटलं नाही.

मी खाली माझ्या जागेवर येऊन बसले, मग लोकांनी तिला ते शेळ्यांचं गाणं म्हणायला लावलं. तिनं तोंड उघडलं... हवा. माईकवाला वायरी हलवायला लागला. ती गळ्याला हात लावून माझ्याकडं बघत होती. आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "पाणी द्या कुणीतरी तिला!" इतकं खणखणीत, की अख्खी रांग वळून बघायला लागली. शेजारची बाई म्हणाली, "अगं बाई, हिला तर बोलता येतंय!"

तेव्हापासून महानंदा गायलेली नाही. बोलते ती कुजबुजल्यासारखं. मोठमोठ्या डॉक्टरांना दाखवलं, काही सापडत नाही. माझ्यावर तिचा एका शब्दाचा राग नाही. परवा मेसेज आला, "अक्का, आता तुझा घसा बरा हाय का?"

बरा आहे. सकाळी भाकरी थापताना मी गुणगुणते, तर शेजारची दार उघडं ठेवून ऐकते. नवरा म्हणतो, इतकी वर्षं कुठं लपवला होतास गं हा आवाज?

पाच गहू हळदीकुंकवाच्या डबीत आहेत. गावी जाऊन तिच्या पदरात टाकले तर काय होईल, कुणाला माहीत. दहा वर्षांच्या पोरीनं खेळात म्हटलेल्या एका शब्दानं असं कसं होतं, तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असेल तर सांगा. रजा मागायला मी दोनदा सुपरवायझरपुढं उभी राहिले. दोन्ही वेळा दुसरंच काहीतरी बोलून परत आले. त्याचं कारण मात्र मला चांगलं माहीत आहे.