बंदूक मोडा, मावशी

माझी लेक धाराशिवला नेमबाजी शिकते. काल ती घरी हातपंपानं हवेच्या रायफलच्या सिलिंडरमध्ये हवा भरत होती. पंप तापला आणि तेलाचा वास सुटला. तो वास मला लहानपणी भूमच्या जत्रेत, फुगे फोडायच्या बंदुकीजवळ आला होता.

त्या बंदुकीला पंप नव्हता. नळी खाली वाकवली की आतली स्प्रिंग दाबली जायची. मला फुगा फोडायचाच होता, पण नळी माझ्यानं हलेना.

"तुमी मोडा की बंदूक, मावशी," दुकानवाला आईला म्हणाला.

"मोडू कशाला बाबा? नुकसान भरून कोण देईल?" आई मागं सरली.

तो पोट धरून हसला. "नळी मोडायची, नळी! म्हंजी वाकवायची. ऱ्हाऊ द्या, बाईमाणसाला न्हाय जमायचं."

आई रोज विहिरीतून पाणी शेंदायची. तिनं पदर खोचला, बंदूक मांडीला टेकवली आणि खट्‌कन नळी वाकवली. त्यानं नळीत छर्रा घातला.

माझा नेम चुकला. आईनं नळी पुन्हा मोडली आणि या वेळी फुगा फुटला. तेव्हा मला फुगेच दिसत होते. आता तिचे लाल झालेले तळहात दिसतात.

तिनं तिसऱ्यांदा नळी मोडली, पण बंदूक माझ्याकडं दिली नाही.

"आता एक म्या मारू का गं?" तिनं मला हळूच विचारलं.