गंगेची रेघ

उमाताई ताटके यांची आणि माझी ओळख माझ्या पायामुळे झाली. पायगुण वगैरे काही नव्हे. मी त्यांच्या हत्तीवर पाय दिला.

लग्न होऊन सांगलीहून काशीला आले, त्याला जेमतेम पंधरा दिवस झाले होते. आमचे हे रेल्वेत. दिवसभर हिंदी ऐकून मी रडकुंडीला आले होते. बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत एका मराठी घरी चैत्रगौरीचे हळदीकुंकू आहे असे कळले, तेव्हा यांनी मला तिथे धाडले. दार उघडेच होते. उन्हातून आत आल्यामुळे डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी सरळ चौकात पाऊल टाकले. गेरूने सारवलेल्या दगडी फरशीवर सकाळपासून खपून काढलेले चैत्रांगण होते. सूर्य, चंद्र, शंख, कासव, गोपद्मे, झोपाळ्यावरची गौर, सगळे जागच्या जागी. हत्तीच्या शेपटीवर मात्र माझी टाच उमटली.

बायकांनी "अगंबाई!" केले. मला तर भुई दुभंगली तर बरे, असे झाले. इतक्यात आंब्याच्या डाळीचे पातेले घेऊन एक उंच, काटक बाई बाहेर आल्या. पातेले खाली ठेवून म्हणाल्या, "हलू नकोस. आहेस तिथंच उभी राहा." मग खाली बसून त्यांनी माझ्या टाचेच्या ठशाला बोटाने चार पाय, दोन कान आणि एवढीशी सोंड काढली.

"झालं. हत्तिणीला पिल्लू झालं. आता ये इकडे, डाळ खा."

मी माफी मागू लागले, तेव्हा त्यांनी मला आपला नियम सांगितला. "आमच्या घरी चुकलेली रेघ पुसायची नाही. तिचं काहीतरी करायचं. बस."

पुढे त्यांच्याच खटपटीने मी मुलींच्या शाळेत गणित शिकवायला लागले. ताई तिथे चित्रकला शिकवत. आज ताईंच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात लिहिताना कबूल करायला हरकत नाही, की त्यांचा तो नियम मला अजिबात पटलेला नव्हता. गणितात चूक ती चूक. सोळाचे सतरा झाले, तर त्याला सोंड काढून भागत नाही. परीक्षा जवळ आली की मी त्यांचे तास हक्काने मागून घेई आणि वर "चित्रं काय, नंतरही काढता येतील" असे ऐकवी. ताई तास देत. पण वर्ग सोडून जात नसत. मागच्या बाकावर बसून राहत आणि मी प्रमेय सांगून थकले की उठून तेच प्रमेय फळ्यावर रंगीत खडूंनी काढत. मग ज्या मुलींना मी अर्धा तास सांगूनही कळलेले नसे, त्यांना ते कळे. मला याचा राग येई, हेही लिहून ठेवते.

ताईंच्या घरची परिस्थिती मला बऱ्याच उशिरा नीट समजली, कारण त्या ती सांगत नसत. त्यांचे यजमान भाऊसाहेब पाठशाळेत संस्कृत शिकवीत. एका सकाळी स्नानाला उतरताना घाटाच्या ओल्या पायरीवर ते घसरले. मणक्याला इजा झाली आणि कमरेखालचे अंग गेले. त्यानंतर अकरा वर्षे ते खाटेवर होते. शाळा, स्वयंपाक, त्यांचे सर्व अंथरुणातले करणे आणि म्हाताऱ्या सासूबाई, हे सगळे ताईंवर.

भाऊसाहेबांना चौकातली रांगोळी दिसत नसे. म्हणून ताईंनी खाटेशेजारी ठेंगण्या स्टुलावर पितळी परात मांडली. परातीत पाणी भरायचे, ते स्थिरावले की वर कोळशाची वस्त्रगाळ पूड पसरायची आणि त्या काळ्या थरावर चिमटीने रांगोळी सोडायची. रोज सकाळी पंधरा मिनिटे. कधी मोर, कधी नुसती वेल. खाटेला धक्का लागला की चित्र विस्कटे. भाऊसाहेबांना खोकल्याची उबळ आली, की ते तोंड भिंतीकडे फिरवून, उशी दाबून खोकत. परातीतले पाणी हलू नये म्हणून. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

एकदा न राहवून मी विचारले, "ताई, दुपारपर्यंत ते सगळं बुडून जातं. कशाला एवढा खटाटोप?"

त्या कोळसा गाळत होत्या. म्हणाल्या, "त्यांच्यासाठी काढते असं सगळे म्हणतात. म्हणू देत. खरं सांगू? ती पंधरा मिनिटं मी कोणाची बायको नसते, सून नसते, मास्टरनी नसते. मी परेशान पण नसते. बाकी दिवस त्या पंधरा मिनिटांवर निभतो गं."

त्या कोणी देवी होत्या असा गैरसमज मात्र वाचकांनी करून घेऊ नये. एका सकाळी त्यांनी भरलेली परात उचलून चौकात भिरकावली होती. तिचा पोचा आजही दिसतो. का, ते त्यांनी सांगितले नाही, मी विचारले नाही. दुसऱ्या दिवशी तीच परात पुन्हा स्टुलावर होती आणि पाण्यावर बदक होते.

आता माझ्याबद्दल लिहिणे भाग आहे. त्यावाचून ताईंचे मोठेपण मला सांगता येणार नाही.

आमची निलू नऊ वर्षांची असताना हे कामावरच छातीत कळ येऊन गेले. तेरावा झाला, दीर आले, म्हणाले, "वहिनी, सांगलीला चला. एक खोली तुम्हाला देऊ." माणूस वाईट नव्हता. पण त्या एका खोलीत मी आणि निलू जन्मभर कशा राहणार, ते मला स्वच्छ दिसत होते. माझी नोकरी होती, म्हणून मी नको म्हणाले आणि शाळेत रुजू झाले.

पहिल्याच तासाला माझा उजवा हात कापायला लागला. फळ्यावर कंपास न घेता वर्तुळ काढण्यात माझा हात धरणारे कोणी नव्हते. मुली ते बघायला टपलेल्या असत. त्या दिवशी वर्तुळाचा बटाटा झाला. मागून कोणीतरी हसले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. वैद्य झाले, डॉक्टर झाले. कोणी म्हणे अशक्तपणा, कोणी म्हणे मनाचे आहे. फळ्याकडे पाठ करून मी नुसती तोंडी शिकवू लागले. दोन महिने असे काढल्यावर मी हरले. राजीनामा लिहिला. हात कापत असल्यामुळे तोही तीनदा लिहावा लागला. हेडमास्तरीणबाईंना देण्याआधी ताईंना एकदा दाखवावा म्हणून त्यांच्या घरी गेले.

चैत्र चालू होता, हे माझ्या ध्यानातही नव्हते. ताई चौकात चैत्रांगण काढत होत्या. मी दारातच थबकले. वर्षाच्या आत, माझ्यासारखीने, गौरीच्या अंगणात पाऊल टाकायचे नसते, हे मला कोणी शिकवायला नको होते.

"आलीस? हात धुऊन ये," ताई म्हणाल्या.

"ताई, मी फक्त हा कागद..."

"कागदच हवा होता." त्यांनी राजीनामा माझ्या हातातून घेतला, वाचलाही नाही, फरशीवर पसरला आणि डब्यातली रांगोळी त्यावर ओतली. "डब्यात माझी बोटं जात नाहीत नीट. बस इथं."

शेजारच्या काकू तोरण बांधायला आल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "उमा, अगं, वर्ष तरी होऊ दे हिचं. गौरीचं काम आहे."

ताईंनी मान वर केली नाही. "काकू, गौर माझ्या घरी बसलीय. तिला काय चालतं ते मी बघते. तुम्ही तोरणाची गाठ बघा, सुटतेय."

त्यांचा आवाज चढलाही नव्हता. आजही मला त्या आवाजाचे नवल वाटते. काकूंनी मुकाट्याने गाठ मारली.

"माझा हात कापतो, ताई," मी म्हणाले आणि मला रडू फुटले.

"ठाऊक आहे. म्हणूनच बोलावते आहे. इकडे बघ." त्यांनी चैत्रांगणाच्या खालच्या कडेला बोट दाखवले. ताईंच्या सासरी चैत्रांगणात गंगा काढायची रीत आहे. काशीचे घर, गंगेवाचून कसे चालेल? "माझा हात फार सरळ चालतो. दरवर्षी माझी गंगा नालीसारखी दिसते. पाणी असं असतं का कधी? तुझा हात कापतो ना? मग गंगा तू काढ."

मी चिमटीत रांगोळी घेतली. हात नेहमीसारखाच थरथरत होता. या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ गेली, आणि ती खरोखरच पाणी होती. वाऱ्याने शहारलेले, सकाळचे पाणी. दुसरी रेघ काढली, तिसरी काढली. चौथ्या रेघेपर्यंत रडे कधी थांबले ते कळले नाही. काकू मागून म्हणाल्या, "वाहतेय गं बाई!" आणि मला कुंकवाऐवजी ओंजळभर हरभरे दिले. त्यांच्यापरीने तेही पुष्कळच होते.

रांगोळीचा कागद झटकून ताईंनी माझ्यापुढे धरला. "आता वाचू?" म्हणाल्या. मी तो घरी आणला. अजून आहे.

माझा हात त्यानंतर बरा झाला असे मुळीच नाही. पण दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर मध्यबिंदू तेवढा काढला आणि हसणाऱ्या मुलीलाच वर्तुळ काढायला बोलावले. मग रोज एकेकीला. माझ्या वर्गातल्या मुलींनी जितकी वर्तुळे काढली असतील, तितकी दुसऱ्या कुठल्या शाळेत काढली नसतील. मी पूर्ण नोकरी करून निवृत्त झाले. निलू इथेच शिकली, आज बँकेत आहे आणि आईशी मराठीत भांडते. ही सगळी कमाई त्या एका रेघेची आहे. भाऊसाहेब गेले, त्या सकाळीही ताईंनी परात भरली होती, आणि शेजारी बसून कोळसा मी गाळला होता. आमच्यात जे काही आहे ते त्यात आले.

तेव्हापासून दर चैत्रात गंगा माझ्याकडे असते.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर ताईंचा हात कापू लागला. वयाचे आहे, असे डॉक्टर म्हणाले. ताईंनी रांगोळीचा डबा फळीवर ठेवून दिला. परात उलटी करून ठेवली. मी कितीदा गेले तरी त्या खिडकीशी बसलेल्या असत. त्यांनीच मला शिकवलेले त्यांना सांगायचे कोणत्या तोंडाने? मला फार भीती वाटत होती.

यंदाच्या चैत्रात त्यांच्या जुन्या विद्यार्थिनींनी चौक धुतला, गेरू लावला, सूर्य, चंद्र, हत्ती काढले. शेवटी मी चिमूट घेऊन खालच्या कडेला बसले. मागे काठीचा आवाज आला.

"सरक गं," ताई म्हणाल्या. "यंदा गंगा माझी आहे."

दोघींनी धरून त्यांना खाली बसवले. त्यांनी रेघ ओढली, मान तिरकी करून बराच वेळ पाहिली आणि गालात हसल्या. "बघ. तुझ्याआधी इतकी वर्षं मी नालीच काढत होते."

पंचाहत्तराव्या वर्षी ज्यांना गंगा नव्याने काढता येऊ लागली, त्यांना आम्ही धाकट्यांनी काय द्यायचे! आई अन्नपूर्णा त्यांना उदंड आयुष्य देवो, गुडघ्यांत बसण्याउठण्याचे बळ देवो. चौक आम्ही धुऊन ठेवू, खालची कडा रिकामी ठेवू. शेजारी मी एक होडी काढीन. तीही वाकडीच येईल, आणि ताई ती पुसू देणार नाहीत.