सोपानच्या टाकीविरुद्ध तीन ओळी

जिल्हाधिकाऱ्यांपासून पोस्टमास्तरांपर्यंत, ज्याने ज्याने नियम मोडला त्याला मी पत्र लिहिले आणि प्रत्येक पत्राखाली पूर्ण नावाने सही केली. एका पत्राखाली केली नाही. त्याविषयी मी पत्नीपाशीही कधी अवाक्षर काढले नाही — ती गेली, तेव्हाही तिला ते ठाऊक नव्हते. तुम्हाला का सांगतो आहे? ठाऊक नाही. सांगतो आहे, एवढेच.

बहात्तरच्या दुष्काळाच्या थोडे आधीची गोष्ट. कोपरगाव तालुक्यातल्या आमच्या गावात सोपान माझा भिंतीला भिंत लागून शेजारी. माझ्या शेतातून त्याने गाडीवाट मागितली, मी अडवली. मामलेदारांपुढे दावा चालला आणि निकाल त्याच्या बाजूने लागला. तो निकाल चूक होता, हे मी आजही कलमे दाखवून सिद्ध करीन. पण ते राहू द्या.

त्याच साली त्याने गोठ्यामागे गोबर गॅस बांधला — गावातला पहिला. विटांनी बांधलेला विहिरीसारखा खड्डा, त्यात शेणकाला, आणि वर उलटी ठेवलेली लोखंडी टाकी. गॅस साठला की टाकी हळूहळू वर चढे. त्याची बायको यमुनावहिनी, त्यांच्या स्वयंपाकघरात निळी ज्योत आली आणि त्यांचा जुनाट खोकला थांबला. सरपणासाठी सोपान दर उन्हाळ्यात ओढ्याकाठच्या बाभळी तोडत असे. ती कुऱ्हाड खुंटीला लागली. मी मात्र चावडीवर सांगत सुटलो की हा माणूस शेण जाळून जमिनीच्या तोंडचा घास काढतो आहे. खोटे होते ते. टाकीतून बाहेर पडणारा काला तो शेतात सोडी, आणि त्याचा गहू माझ्या गव्हापेक्षा गर्द होता, हे मी रोज बांधावरून पाहत होतो. पर्यावरण हा शब्द तेव्हा आमच्या कानावरही आला नव्हता. पण बाभळी उभ्या होत्या — त्या मला दिसत नव्हत्या का?

एके दिवशी भर चावडीत सोपान म्हणाला, "तात्या, तुमचे समदे अर्ज आमच्या टाकीत टाका. निदान ग्यास तरी हुईल."

गाव हसले. माझे सख्खे चुलते हसले. याचा सूड घ्यायचाच, असे मी त्याच पायरीवर ठरवले.

त्या वर्षी सोपानने गोठ्याशेजारी संडासही बांधला होता. त्याचा खड्डा निराळा — खोदताना मी स्वतः पाहिलेला. पण अशा टाकीला संडास जोडता येतो, हे लोकांनी ऐकले होते. आणि त्या गॅसवर शिजलेले अन्न आमच्याकडे कोणी तोंडात घातले नसते. जोडणीचा पाइप जमिनीखाली असतो. मग नसलेला पाइप माणसाने दाखवायचा कसा? पुराव्याचे ओझे कोणावर टाकावे, हे मला फार चांगले समजत होते.

त्याच्या सुमनची सोयरीक सुप्याकडच्या एका घरात ठरत होती. मुलाच्या वडिलांना मी पत्र पाठवले. डाव्या हाताने लिहिलेल्या तीन ओळी — संडास टाकीला जोडलेला आहे, आणि त्याच ज्योतीवर तुमची पंगत शिजणार आहे.

सुपारीच्या दिवशी मला शेजारी म्हणून मानाने बोलावले होते. पाने वाढली. मुलाच्या चुलत्यांनी विचारले, हे शिजले कशावर? सोपानने सांगितले — अभिमानाने सांगितले. मग मुलाच्या म्हाताऱ्या वडिलांच्या खिशातून ते पत्र निघाले. कुदळ आणतो, आत्ता खणून दाखवतो, असे सोपान म्हणत राहिला. म्हातारा शांतपणे म्हणाला, "नसंल बी, पाव्हनं. पर आता मन घेत न्हाई." तो पानावरून उठला. त्याच्यामागे पंगत उठली.

मीही उठलो.

सोयरीक टिकली, पण एका अटीवर. आठवड्याच्या आत सोपानने टाकी उतरवली आणि खड्डा मातीने बुजवला. गॅस बांधायच्या विचारात असलेल्या आणखी दोन घरांनी तो विचार सोडला. बाभळी पुन्हा पडू लागल्या. दुष्काळ आला तेव्हा ओढ्याकाठी गुरांना उभे राहायला सावली नव्हती.

आणि मग सोपान आला — कोणाकडे? माझ्याकडेच. "तात्या, झालं गेलं सोडा. ज्यानं हे लिवलं त्याला कोर्टात हुबा करा. तुमच्यावानी कायदा गावात कुनाला येतो?" मी अर्ज लिहिला. चार पाने, एकही दुवा कच्चा नाही. पोस्टात मीच टाकतो म्हणालो, आणि टाकला नाही. महिनोन्‌महिने तो उत्तराची चौकशी करत राहिला, आणि मी त्याच्यासमोर सरकारी दिरंगाईला शिव्या देत राहिलो.

कबूल करायचे ते एवढेच असते तर बरे होते.

यमुनावहिनींनी चूल पुन्हा पेटवली. रोज सकाळी भिंतीपलीकडून धूर येई, आणि त्यापाठोपाठ त्यांचा खोकला. मी अंगणात दाढी करत बसलेलो असे. वस्तरा थांबवून ऐकत असे. त्या बाईने माझे काय बिघडवले होते? काहीही नाही. त्या वेळी मला पश्चात्ताप होत असे, असे तुम्ही गृहीत धरले असेल. होत नसे. सोपानवरचा माझा राग आजही उतरलेला नाही, आणि त्या रागाने या कृत्यातले काही कमी होत नाही. खोकला जितका लांबे, तितके मला बरे वाटे.