उलट्या गाठी

ओल्या जाळ्याला तलावाच्या शेवाळाचा वास येतो आणि तो आला की मला बाबांच्या गाठी आठवतात. बाबा मासे धरायचे. लकव्यानं एका सकाळी त्यांचा उजवा हात गेला आणि भंडाऱ्याच्या दवाखान्यातून घरी आल्याच्या चौथ्या दिवशी त्यांनी फाटलेलं जाळं मागितलं. घरापुढच्या सपरीत बसून, जाळं पायाच्या अंगठ्यात अडकवून ते डाव्या हातानं बांबूची सुई चालवायचे. चुलीवरचा भात शिजून उतरायचा, तरी त्यांची एक गाठ बसलेली नसायची. बघून मला भरून यायचं आणि, खोटं कशाला बोलू, रागही यायचा. एवढं करून गाठ सैलच पडायची. म्हणून दुपारी त्यांचा डोळा लागला की मी त्या गाठी सोडून गुपचूप घट्ट मारून ठेवायची. एके दिवशी उठल्यावर त्यांनी जाळ्यावरून बोट फिरवलं. "पोरी, ह्या गाठी तू मारल्या ना? डाव्या हाताची गाठ उलटी पडते. ह्या तं सरळ हायेत. कायले लपून करून राहिली?" मी म्हणाले, "बाबा, सैल गाठीतून मासोळी सुटून जाईन ना." "सुटली तं सुटू दे," ते म्हणाले, "पन माही गाठ नोको सोडू." मग मी माझ्या गाठी एकेक करून सोडत गेले आणि ते आपल्या मारत गेले; दिवस मावळेपर्यंत आमचं तेच चाललं. आता तलावावर मी जाते. त्या जाळ्यातून अजूनही एखादी मासोळी निसटते, आणि मी तिला जाऊ देते.